गिळण्यास अडचण असलेले मूल व शाळेतील भोजन

मावळातील शाळांत दुपारची पंगत बसली म्हणजे एखादे मूल मागे राहते. घास गालात धरून ठेवते, वारंवार ठसकते, ताट अर्धवट टाकून उठते. अशा मुलास हट्टी ठरविण्याची घाई शिक्षकांनी करू नये. पुष्कळदा त्यास नीट गिळताच येत नसते.

घशात श्वासनलिका पुढे व अन्ननलिका मागे आहे. घास उतरतेवेळी स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेवर झाकण पडते व श्वास क्षणभर थांबतो. सेरेब्रल पाल्सी, दुभंगलेली टाळू, फार सुजलेले टॉन्सिल्स यांमुळे हा मेळ बिघडू शकतो. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणे, वजन न वाढणे, छातीचा विकार पुनःपुन्हा होणे, ही त्याची चिन्हे होत. काही मुलांना अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसकादेखील लागत नाही. धोका तेथेच अधिक.

पातळ पदार्थ गिळण्यास सोपा, ही समजूत नेहमीच खरी नसते. पाणी वेगाने घसरते व झाकण पडण्यापूर्वीच आत शिरते. दाटसर पेज सावकाश उतरते. पातळ आमटीत मोकळी शिते असली तर अडचण वाढते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निपजलेल्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात वरणात घोटून, गोळा न राहू देता द्यावा. किती दाट, हे मात्र डॉक्टरांनी वा वाचा-उपचारतज्ज्ञांनी ठरवावे. मूल ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा. लोणावळ्याची चिक्की सहलीत सर्वांच्या हाती पडते. ती अशा मुलास देऊ नये. बालवाडीच्या मुलांनाही अख्खे शेंगदाणे नकोत.

ठसका लागताच ‘वर बघ’ म्हणून टाळू थोपटण्याची घरोघरी रीत आहे. तिचा उपयोग नाही. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे, पाणी पाजू नये. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन खवाट्यांमध्ये तळहाताने ५ थापा माराव्यात. न सुटल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब द्यावा. हे आलटून-पालटून करावे व दुसऱ्याने १०८ क्रमांकास कळवावे. न दिसणाऱ्या घासासाठी घशात बोट घालू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांतील मुलांची तपासणी करते. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव, त्याने कोणता पदार्थ टाकला व केव्हा ठसकले, याची नोंद वर्गशिक्षकाने तयार ठेवावी.