लढाई संपली, आता घरी कधी?

लढाईसाठी माणसे गोळा करण्याचे तंत्र सगळ्या सरकारांना पाठ असते. भरतीवाले गावोगाव हिंडतात, छाती मोजतात, अंगठा घेतात, आणि गडी पलटणीत दाखल होतो. खरी पंचाईत लढाई संपल्यावर. लाखो माणसे घरी सोडायची. पण आधी कोणाला? या एका प्रश्नाने भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले आहेत.

१९१८ च्या नोव्हेंबरात पहिले महायुद्ध थांबले, तेव्हा ब्रिटिश सरकारची योजना तयारच होती. कागदावर ती मोठी शहाणपणाची! उद्योगधंद्यांना ज्यांची गरज आहे, ज्यांची जागा मालकाने राखून ठेवली आहे, त्यांना आधी सोडावे, म्हणजे कारखान्यांची चाके फिरू लागतील. पण वाचकहो, जागा शाबूत होती कोणाची? काल-परवा सैन्यात ओढल्या गेलेल्याची! चार वर्षे खंदकातल्या चिखलात काढलेल्याला मालक केव्हाच विसरला होता. झाले, शेवटी आलेला पहिला घरी निघाला. जानेवारी १९१९ मध्ये फोकस्टन बंदरात शिपायांनी फ्रान्सला परतणाऱ्या बोटीत चढण्याचे साफ नाकारले; महिनाअखेर कॅलेला उघड बंड झाले. नवे युद्धमंत्री चर्चिल यांनी ती योजना गुंडाळली आणि नोकरीचा काळ, वय व जखमा पाहून माणसे सोडायला घेतली.

हा धडा दुसऱ्या महायुद्धात अर्नेस्ट बेव्हिन यांच्या लक्षात होता. हे मजूरमंत्री मूळचे गोदी-कामगारांचे पुढारी; रांगेत उभे राहिलेल्या माणसाचे मन त्यांना कळत असावे. त्यांच्या योजनेतला हिशेब बोटांवर करता येई: दोन महिन्यांची नोकरी म्हणजे वयाचे एक वर्ष. बावीस वर्षांचा पोरगा चार वर्षे सैन्यात असेल तर बावीस अधिक चोवीस, शेहेचाळीस. चाळीशीचा बाप्या एकच वर्ष असेल तर चाळीस अधिक सहा, तोही शेहेचाळीस. दोघे एकाच गटात! घरे बांधायला हवेत म्हणून काही गवंडी-सुतारांना आधी सोडले, पण त्यांना आठ आठवड्यांऐवजी तीनच आठवड्यांची पगारी रजा. मला हे गणित फार आवडते. शिपायाला उशीर सोसतो. आपल्यामागून आलेला पुढे गेलेला सोसत नाही.

अर्थात गणित चोख असले तरी आकडा पुकारला तर जायला हवा ना! जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्याच लोकांनी काम बंद केले, आणि ते लोण सिंगापूरपर्यंत गेले. सरकार म्हणे, जहाजे नाहीत. शिपायांचा संशय असा की, साम्राज्य राखण्यासाठी आम्हाला इथे डांबले आहे.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’वरच्या हिंदी नौसैनिकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, हे सारे आपण वाचलेले असते. पण त्यांच्या मागण्यांत आणखी एक होती: वय आणि नोकरीच्या गटांप्रमाणे आम्हाला लवकर सोडा, आणि सोडल्यावर पोटापाण्याचे काम द्या. बेव्हिनसाहेबांचे गणित आमच्या पोरांनीही वाचले होते तर!

काम द्या, या दोन शब्दांतच सारी गोम होती. युद्धापूर्वी सुमारे दोन लाखांचे हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले होते. नाव कापून सातारा-रत्नागिरीकडे परतलेल्या गड्याला मोटार हाकता येत होती, कोणाला वायरलेसचे यंत्र उलगडून जोडता येत होते. गावात मात्र शेताचा तुकडा तेवढाच आणि भाऊबंद वाढलेले. अशांसाठी जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन व रोजगाराचे एक खाते काढले आणि त्याच्या कचेऱ्या शहरोशहरी उघडल्या. आपली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे ती हीच. मॅट्रिकचा निकाल लागला की आम्ही पोरे तिथे नाव घालायला धावायचो. ही खिडकी मुळात पलटणीतून सुटलेल्यांसाठी उघडली होती, याचा आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली.