मोटार नवी, खडखड कोणाची?

कल्याणच्या परिवहन कार्यालयाचा एम.एच. ०५ हा क्रमांक मिरवणारी नवी मोटार उल्हासनगर, अंबरनाथ अथवा बदलापूर येथील एखाद्या गृहसंकुलात येते, तेव्हा तिच्याबरोबर पाच-सात वर्षांचे हप्तेही येतात. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार अशांच्या घरातील ही बहुधा पहिलीच मोटार असते. हार-पेढे होतात, पहिली मोफत सर्व्हिसिंग होते, आणि चार-पाच हजार किलोमीटर पुरे होतात न होतात तोच पुढच्या चाकांच्या बाजूने 'टक टक' असा आवाज येऊ लागतो. वेग असताना तो ऐकू येत नाही; गल्लीतल्या उखडलेल्या रस्त्यावर मोटार सावकाश चालली की मात्र हटकून येतो. मोटार अधिकृत कार्यशाळेत नेली जाते. तेथे ती लिफ्टवर चढते, उतरते, समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून येते आणि जॉब कार्डावर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. तोंडी मिळणारे उत्तर याहून सुटसुटीत असते. ते असे, की तुमच्याकडचे रस्तेच तसे आहेत, साहेब.

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथमार्गे बदलापूरला जाणारा रस्ता किंवा काटई नाक्याकडून येणारा रस्ता ज्यांच्या नित्याच्या परिचयाचा आहे, त्यांना रस्त्यांची बाजू घेण्याचा मोह होणार नाही. मुख्य रस्त्यावर काँक्रीट आले, तरी त्यातील मॅनहोलची झाकणे कोठे खाली, कोठे वर. गल्ल्यांतून पेव्हर ब्लॉक बसविलेले, त्यांतले काही पहिल्याच पावसात खचलेले. गतिरोधकांविषयी तर बोलावयासच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीच्या गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि वक्रतेची त्रिज्या १७ मीटर असावयास हवी. या मापाचा गतिरोधक ज्याने आपल्या गल्लीत पाहिला असेल, तो भाग्यवान म्हणावयाचा. सोसायटीच्या दारापुढे रात्रीतून उभी राहणारी सिमेंटची वरवंट्यासारखी वळी मोटारीच्या चाकावर घणासारखीच आदळते.

परंतु रस्ता वाईट आहे एवढ्याने निदान होत नाही. त्याच रस्त्यावरून त्याच बनावटीच्या दुसऱ्या दहा मोटारी निमूटपणे जात असतील आणि अकरावीच वाजत असेल, तर रस्ता हे कारण नसून कसोटी आहे. तापाचा रोगी दाखल झाला असता 'हवाच तशी आहे' असे सांगून त्याला घरी धाडणाऱ्या वैद्याला लोक वैद्य म्हणत नाहीत. मोटारीच्या बाबतीत मात्र हे चालून जाते. याचे एक कारण असे, की तक्रार करणाऱ्याला आपली तक्रार नेमक्या शब्दांत मांडता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला ती तशी मांडून घेण्याची निकड नसते.

वास्तविक या आवाजाचे कोडे फारसे गूढ नाही. आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची रचना एकाच घराण्याची आहे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने ती येथे घरोघरी पोहोचविली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब. त्याचे वरचे टोक रबरी माउंटिंगमधून मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले. खालचे चाक एका आडव्या लोअर आर्मने धरलेले. या आर्मच्या एका टोकाला बॉल जॉइंट, दुसरीकडे रबराचे बुश. पुष्कळशा मोटारींत याखेरीज एक पोलादी दांडा डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत जातो. वळणावर मोटार एका अंगाला फार झुकू नये म्हणून त्याची योजना असते. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात आणि त्याची दोन टोके दोन बाजूंच्या लहान लिंक रॉडने चाकांच्या खांबांशी बांधलेली असतात.

येथे निदानाची पहिली किल्ली सापडते. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढली तर हा दांडा नुसता आपल्या बुशांत फिरतो. त्याला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले की मात्र दांडा पिळला जातो आणि लिंकच्या सांध्यातील ढिलाई बोलू लागते. तेव्हा सरळ गतिरोधकावर मोटार गप्प राहते आणि एका बाजूच्या मॅनहोलवर 'टक' करते, एवढी एकच गोष्ट मालकाने नीट पाहिली असली तरी संशयितांची यादी निम्म्याने कमी होते. आवाज दोन्ही प्रसंगी येत असेल, तर वरचे माउंटिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा लोअर आर्मचे बुश यांच्याकडे वळावे. मोटार जागच्या जागी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरविल्यावर कट्ट असा झटका आला, तर वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग अडखळत असण्याचा संभव मोठा. खडखड चालू असताना ब्रेकवर हलकेच पाय ठेवला आणि ती थांबली, तर दोष बहुधा सस्पेन्शनचा नव्हेच. ब्रेकचे पॅड आपल्या घरात हलत आहेत. आणि या सर्वांच्या आधी डिकी पूर्ण रिकामी करून एक फेरी मारावी, हे सांगणे थोडे पोरकट वाटले तरी आवश्यक आहे. जॅक, पाना आणि ढिले बसविलेले जादा चाक यांनी भल्या भल्या तंत्रज्ञांना चकविले आहे. धातूच्या सांगाड्यातून आवाज कोठल्या कोठे जातो; मागे वाजणारी वस्तू पुढे वाजते असे वाटू शकते.

मग कार्यशाळेत हे का सापडत नाही? पुष्कळदा लिफ्टमुळेच सापडत नाही. मोटार उचलली की चाके लोंबतात, खांब पूर्ण लांबतो, वरच्या माउंटिंगवरचा भार उतरतो आणि आर्मचे बुश पिळले जाऊन ताठ होतात. म्हणजे रस्त्यावर ज्या स्थितीत आवाज येतो ती स्थितीच नाहीशी होते. जॅकने एकच चाक उचलून लिंक हलवून पाहणे तर अधिकच फसवे, कारण पिळलेला दांडा ती ढिली लिंक ताणून धरतो. दोन्ही चाके सारख्या उंचीवर ठेवून, शक्यतो ती जमिनीवर टेकलेली असताना, सांधा हाताने हलवून पाहणे हीच खरी परीक्षा. त्याहून निर्णायक उपाय जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. दोन्ही लिंक रॉड सोडवून बाजूला बांधावयाचे आणि मोटार अगदी सावकाश त्याच खराब पट्ट्यावरून न्यावयाची. अशा वेळी मोटार वळणावर अधिक झुकते, म्हणून हे काम जाणकारानेच करावे. आवाज बंद झाला तर चोर सापडला. न झाला तर एक संशयित निर्दोष सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील पहिला नियम येथेही तसाच लागू पडतो. पण ज्या कार्यशाळेत दर मोटारीमागे मिनिटे मोजली जातात, तेथे अर्ध्या तासाचा हा प्रयोग कोणी करावा? त्याऐवजी निदान न करताच एकामागून एक भाग बदलण्याचा मार्ग पत्करला जातो, किंवा काहीच केले जात नाही.

ज्या भागात हे घडते त्या भागाला कारागिरीची वाण नाही, हे विशेष. अंबरनाथच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून आणि तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून यंत्राच्या आवाजावरून बेअरिंगची तब्येत ओळखणारी माणसे तयार झाली. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या कॅम्पांतही हाताच्या कसबावर पोट भरणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात तर १९९० च्या दशकात मोटारींचाच कारखाना चालू होता. त्या काळच्या प्रीमियर पद्मिनीचे मालक मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांची कुरकुर गृहीत धरून चालत. ग्रीसची पिचकारी मारली की काम भागे. आजची मोटार बंद काचांची आणि शांत इंजिनाची असते. विजेवर चालणारीला तर इंजिनच नाही. त्यामुळे पूर्वी जो आवाज गोंगाटात लपून जाई तो आता उघडा पडतो. याचा अर्थ प्रत्येक आवाज दोषाचाच असतो असे मात्र नव्हे. पण तो कशाचा आहे हे सांगण्याची जबाबदारी तरी विकणाऱ्याने घ्यावयास हवी.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे जावे तर वॉरंटी जाईल अशी भीती घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला तो याच व्यवहारासंबंधी होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे स्पर्धेला मारक आहे, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असे आयोगाने बजावले होते. दंडाची रक्कम पुढे अपिलात कमी झाली. भीती मात्र कायम आहे. तेव्हा व्यवहारी शहाणपण असे, की बाहेरच्या जाणत्या मिस्त्रीकडून निदान करून घ्यावे, पण वॉरंटीच्या काळात पाना त्याला लावू देऊ नये.

कायद्याकडून अपेक्षाही बेतानेच ठेवाव्यात. मोटारीत एखादा भाग सदोष निघाला म्हणून सबंध मोटार बदलून मागता येत नाही. वॉरंटीची अट भाग बदलून देण्यापुरतीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले. २०१० साली दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मोटारीत अंगभूत दोष असल्याचे स्वतंत्र तंत्रज्ञाने सांगितल्यास ग्राहकाला किंमत परत मिळावी, अशी तजवीज केली. या दोहोंमधला सगळा प्रदेश पुराव्याचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. बदलापूरच्या मास्तरांना आता कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी धाव घ्यावी लागत नाही, ठाणे पुरे. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. चाचणीची गरज असल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा प्रकरणाचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. परंतु आयोगापुढे ठेवावयास 'दोष आढळला नाही' एवढाच कागद असेल, तर तो कागद कंपनीच्याच कामाचा.

म्हणून जॉब कार्डावर काय लिहिले जाते याला अपरंपार महत्त्व आहे. 'पुढून आवाज येतो' ही नोंद निरुपयोगी होय. 'डावे चाक एकटे खड्ड्यात गेल्यावर, वेग १५ ते २०, सरळ गतिरोधकावर नाही, ब्रेक दाबल्याने फरक नाही' ही नोंद लिहिणाऱ्याला काहीतरी करावयास भाग पाडते, आणि तारीख व किलोमीटर यांसह पुढे पुरावा म्हणून उभी राहते. भ्रमणध्वनीवर आवाज ध्वनिमुद्रित करता येतो. मोटार उभी करून एकाने बाजूने दाबून हलवावी, दुसऱ्याने चाकाजवळ कान द्यावा. खड्ड्यात आपटून आर्म वाकला असेल, टायरला फुगा आला असेल, तर ती आगळीक रस्त्याची. तेथे कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. रस्ते सुस्थितीत असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे, आणि तो हिशेब नगरपालिकांकडे मागावयाचा आहे. पण आपटल्याची खूण कोठेच नसताना पाच हजार किलोमीटरवर सांधा ढिला पडला, तर त्या हिशेबाचे नाव वेगळे.

भाग बदलला गेलाच, तर आणखी एक बारकावा. लोअर आर्मचे रबरी बुश मोटार लिफ्टवर लोंबत असताना आवळून टाकले, की खाली उतरताच ते कायमचे पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. शेवटचा आवळा चाके जमिनीवर टेकून मोटारीचे वजन त्यांच्यावर आल्यानंतर द्यावयाचा असतो. कार्यशाळेत घाई असली की नेमकी हीच पायरी गाळली जाते. मोटार ताब्यात घेताना हे विचारण्यात संकोच नसावा. आणि कार्यशाळेतील माणसाला शेजारी बसवून, जेथे आवाज येत होता त्याच पट्ट्यावरून, त्याच वेगाने एक फेरी मारून मगच कागदावर सही करावी.