वणव्याच्या वाटेवर – भाग ६ : ट्रेलरच्या फेऱ्या

गेल्या आठवड्यात आपण सांता ॲना वाऱ्यांविषयी पाहिलं. वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे हे कोरडे वारे दक्षिण कॅलिफोर्नियात एखाद्या ठिणगीचा बघता बघता वणवा करतात. अशा वेळी चौघांचं कुटुंब एका गाडीत बसून निघू शकतं. पण ज्याच्या तबेल्यात आठ घोडे आहेत, त्याने काय करायचं?

दोन घोड्यांचा ट्रेलर असेल, तर चार फेऱ्या लागतात. घोडे चढवायचे, सुरक्षित जागी न्यायचे, उतरवून बांधायचे, पाणी दाखवायचं आणि परत यायचं. रस्त्यावर गर्दी नसली तरी एका फेरीत दीड-दोन तास सहज जातात, आणि वणव्याच्या दिवशी गर्दी असतेच. शिवाय दुसऱ्या फेरीला परत येईपर्यंत पोलिसांनी रस्ता बंद केलेला असण्याचीच शक्यता अधिक. उरलेले सहा घोडे आत आणि मालक नाकाबंदीच्या बाहेर, हे दृश्य कॅलिफोर्नियाला नवं नाही.

तिथे स्थलांतराच्या सूचनेचे दोन मुख्य टप्पे आहेत. आधी येते ती ‘वॉर्निंग’, म्हणजे धोका संभवतो, तयारीत राहा. मग ‘ऑर्डर’, म्हणजे जिवाला तातडीचा धोका आहे, आत्ता निघा; आणि तो भाग कायद्याने बंद. बहुतेक लोक ऑर्डरची वाट पाहतात. पण वॉर्निंगच्या सरकारी मजकुरातच स्पष्ट म्हटलेलं असतं की ज्यांना निघायला जास्त वेळ लागतो आणि ज्यांच्याकडे पाळीव प्राणी किंवा जनावरं आहेत, त्यांनी याच टप्प्यावर निघावं. या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच वाक्य. माणसासाठी जी वॉर्निंग, ती घोड्यासाठी ऑर्डर आहे. ऑर्डर आल्यावर जो ट्रेलर जोडायला घेतो, त्याने आपल्या जनावराचा वेळ आधीच संपवलेला असतो.

आणि वॉर्निंग येईलच याचा तरी काय भरवसा? डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सिल्मारजवळ पहाटे पेटलेल्या आगीत एका तबेल्यातले जवळपास ३० घोडे ठाणातच जळून मेले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ डिसेंबरला, सॅन डिएगो काउंटीत ‘लायलॅक’ वणवा लागला. दुपारपर्यंत तो बोन्सॉलजवळच्या सॅन लुइस रे डाउन्स या शर्यतीच्या घोड्यांच्या प्रशिक्षण केंद्रात घुसला. तिथे साडेचारशेहून अधिक घोडे होते. ताडासारखी उंच पाम झाडं पेटली, निखारे तबेल्यांच्या छपरांवर पडू लागले. एकेकाला ट्रेलरमध्ये चढवण्याची सवड राहिली नाही, तेव्हा ट्रेनर आणि मोतद्दारांनी ठाणांची दारं उघडून घोडे हाकलायला सुरुवात केली. घोडे जथ्याने धुरात उधळले. त्यांतले काही वळले आणि जळत्या तबेल्यात परत शिरले. त्या दिवशी ४६ घोडे गेले. घोडे सोडवताना ट्रेनरही गंभीर भाजले. वाचलेल्यांपैकी शेकडो घोड्यांना डेल मारच्या रेसकोर्सवर आसरा मिळाला.

बाहेर काढलेला घोडा आगीत परत का जातो? घोडा हा कळपाने राहणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. भेदरला की तो ओळखीच्या जागेकडे आणि आपल्या सोबत्यांकडे धावतो. तबेल्यात वाढलेल्या घोड्याची ओळखीची जागा म्हणजे त्याचं ठाण, रोज वैरण मिळते ती जागा. म्हणून घोडा बाहेर काढला की मागचं दार बंद करा, असं तिथले पशुवैद्य आणि अग्निशमन दलाचे लोक पुन्हा पुन्हा सांगतात.

आता ट्रेलरमध्ये चढवणं. चारशे-पाचशे किलोचं जनावर अडून बसलं, तर ते ओढून आत नेता येत नाही. ट्रेलर घोड्याला एखाद्या अंधाऱ्या खोक्यासारखा दिसतो. फळीवर टाप पडली की पोकळ आवाज येतो आणि तो बुजतो, मान वर टाकतो, मागे सरकतो. त्यात हवेत धूर, आकाशात हेलिकॉप्टर आणि दोर धरणाऱ्याचा हात थरथरतोय. हातातली थरथर घोड्याला दोरातूनही कळते. जो घोडा वर्षभरात कधी ट्रेलरमध्ये चढला नाही, तो त्या दिवशी का चढेल? म्हणून सराव लागतो, तोही शांत दिवसांत. आठवडाभर रोजची वैरण ट्रेलरमध्येच द्यायची. घोडा आपणहून आत जाऊ लागला की दार लावून थोडं थांबायचं, मग जवळपास एक चक्कर मारून आणायची. हे अंगवळणी पडलं की एकदा रात्री, बॅटरीच्या उजेडात करून पाहायचं. वेळ सांगून येणारा वणवा नसतो.

डोक्यावर अडकवायच्या म्होरकीचंही असंच. रोजच्या वापरात नायलॉनची म्होरकी स्वस्त आणि टिकाऊ, पण उष्णतेने नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. वणव्यासाठी चामड्याची किंवा सुती म्होरकी आणि दोर प्रत्येक ठाणाच्या दाराशी वेगळे टांगलेले हवेत. मालकाचा फोन नंबर जाड मार्करने खुरावर लिहितात किंवा पट्टीवर लिहून ती आयाळीत गुंफतात. मायक्रोचिप उत्तमच, पण ती वाचायला यंत्र लागतं. खुरावरचा नंबर वाटेवरचा कुणीही वाचतो.

सगळंच हुकलं तर घोडे मोकळे सोडावेत का? बंद ठाणात कोंडून ठेवण्यापेक्षा सोडणं कधीही बरं, यात मला शंका नाही. पण रस्त्यावर उधळलेला घोडा बंबाच्या वाटेत येतो, गाडीवर आदळतो आणि स्वतःबरोबर माणसालाही मारू शकतो. त्यापेक्षा गवत, झुडपं काढून टाकलेलं मोठं कुंपणबंद रिंगण आधीच तयार असेल, तर त्यात सोडणं शहाणपणाचं.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत चित्र थोडं सुधारलं आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात निवाऱ्यांमध्ये प्राण्यांना प्रवेश नव्हता म्हणून अनेकांनी घर सोडायचं नाकारलं. त्यातून २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि राज्यांच्या आपत्ती आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार करणं बंधनकारक ठरलं. मात्र केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या ‘घरगुती पाळीव प्राणी’ या व्याख्येत कुत्रा, मांजर, पक्षी, ससा बसतात. घोडा बसत नाही. त्याची व्यवस्था काउंटीचा प्राणी विभाग, जत्रांची मैदानं आणि ट्रेलर घेऊन धावणारे स्वयंसेवक यांच्यावर येऊन पडते. नोव्हेंबर २०१८ च्या वुल्झी वणव्यात मालिबूच्या लोकांनी घोडे थेट समुद्रकिनाऱ्यावर नेऊन उभे केले होते.

मांजरांची अडचण निराळी. गडबड सुरू झाली की मांजर पलंगाखाली घुसतं आणि तिथून ते निघत नाही. वॉर्निंग येताच त्याला न्हाणीघरात बंद करावं. तिथे लपायला जागा कमी. पिंजरा माळ्यावर न ठेवता घरात कायम उघडा ठेवावा, म्हणजे त्याची भीती राहत नाही. आणि तुम्ही कामावर असताना आग लागली तर? २०१८ मध्ये पॅराडाइज गावातला वणवा सकाळी लागला, जानेवारी २०२५ मधला पॅलिसेड्सचाही दिवसाच. अनेकांचे प्राणी घरात एकटे होते. पॅराडाइजच्या राखेत पंजे भाजलेली मांजरं पुढे कित्येक आठवडे सापडत राहिली. कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे मनावर घ्यावं, असं मी कळकळीने सांगेन: शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि प्राण्याची त्याच्याशी आधीच ओळख करून द्या.

आपल्याकडे उन्हाळ्यात गोठ्यांना आगी लागतात, तेव्हा दावणीला बांधलेली गुरं जागीच होरपळतात. ऐन आगीत दाव्याची गाठ सुटत नाही, म्हणून कोयता गोठ्याच्या बाहेर, हाताला लागेल असा हवा.

आग विझली म्हणजे घोड्याचं सगळं संपलं, असंही नाही. धुराने दुखावलेली श्वासनलिका भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस त्याच्याकडून मेहनत करून घेऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. त्याला लगेच जळालेल्या कुरणात सोडणंही धोक्याचं. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली झाडांची मुळं धुमसत असतात आणि खूर आत गेला की पाय भाजतो. आधी जमीन तपासायची, कोसळलेल्या तारा आणि खिळे उचलायचे, पाण्याच्या टाकीतली राख उपसायची आणि मगच ट्रेलर परत आणायचा.

(पुढच्या आठवड्यात : जळालेलं घर आणि विम्याचा हिशेब)