कार्डावरचं केळं

नाशिकच्या एका रुग्णालयातली वाचा-उपचाराची खोली. टेबलाशी पावणेपाच वर्षांचा मुलगा, शेजारी त्याची आई, भिंतीलगतच्या बाकावर आजी. मी परवानगी काढून कोपऱ्यात बसलोय. कानाची तपासणी होऊन गेली आहे. ऐकू उत्तम येतं. शिकाऊ तरुणी एकेक चित्रकार्ड पुढे धरते, मुलगा नाव सांगतो, ती कागदावर खूण करते.

डोळा. "डोया." फुली.
पाणी. "पानी." फुली.
गाय. "दाय." फुली.
काकडी. "तातडी." फुली. 
केळं. "तेय." तिथे ती जरा घुटमळते आणि फुलीच मारते.

आई ओशाळून सांगते, "मॅडम, घरी आहिरानी पार बंद केली आहे. बालवाडीतून सांगितलं, शुद्ध बोला." मग मुलाकडे वळून हळूच, "शे नको म्हणू, आहे म्हण." तेव्हापासून तो फारसं बोलतच नाही, हे ती नंतर, विचारल्यावर सांगते. मला खरी काळजी त्या गप्प होण्याचीच वाटते.

मोठ्या मॅडम येतात. कागदावरच्या फुल्या पाहतात आणि तीच कार्डं उचलून थेट आजीपुढे धरतात. आजी चष्मा सावरते. "डोया. पानी. गाय. काकडी. केय." आणि वर, "आमना कडे आसंच बोलतस."

खोडरबर निघतं. ळचा य आणि णचा न घरचाच. खानदेशात काय, वऱ्हाडातही तो ऐकू येतो. त्या फुल्या पुसल्या जातात. कचा त आणि गचा द मात्र आजीच्या तोंडी नाही, तो राहतो. जिभेचा मागचा भाग उचलायचा तिथे मुलगा शेंडा टेकवतो. लहानपणी पुष्कळांचं असं होतं आणि सुटतं, याचं अजून सुटलेलं नाही. 'तेय'मधलं निम्मं आजीचं, निम्मं त्याचं.

आता शाळेच्या वाटेचं चित्र. "मी शायामा जास." शिकाऊ तरुणी पेन्सिल उचलते: 'मी'ला 'जास'? मॅडम बोटाने थांबवतात आणि घोळक्याचं चित्र काढतात. "पोरे जातस." आहिराणीत मी, तू, तो, तिघांनाही 'जास'च, अनेकवचनी 'जातस'. पोराचं व्याकरण चोख आहे. आहिराणी ज्या खानदेशीत येते ती २०११ च्या जनगणनेने मराठीहून वेगळी धरून तिचे १८ लाखांवर भाषक मोजले. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात ती भिल्ली भाषांसोबत बसली. तपासणीची कार्डं मात्र सरसकट पुस्तकी मराठीची, तीही निम्मी ळची.

"घरी आहिराणीतच बोला," मॅडम आईला सांगतात. "दोन्ही ऐकून मूल मागे पडत नाही. गप्प बसवलं तर पडेल."

मग पेलाभर पाणी येतं. मान वर, गुळणा. घशातून गुरगुर निघते, शर्ट भिजतो, आणि मुलगा खदखदून हसतो. आणखी एक घोट. या वेळी पाणी थुंकल्यावरही घसा तसाच ठेवून तो "ग्ग" काढतो. पुढचं 'गाय' पुन्हा 'दाय' होतं, तरी मॅडम खुश.

घरच्या सरावाला शब्द हवेत. आजी सुचवते: कांदा, कोंबडी, काया बैल, कुदय. तरुणी लिहिता लिहिता विचारते, "कुदळ लिहू?"

"आजी म्हणतात तसं लिही."

पुढच्या मंगळवारी आजीनेच त्याला आणायचं ठरतं. आईला त्या आठवड्यात कामावर पहिली पाळी आहे.