पाइपातून चालणारा व्यापार

दोन देशांतला व्यापार म्हटलं की डोळ्यांपुढे कंटेनर येतात. पण सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बाहरू जोडणारा कॉजवे पाहा. जेमतेम किलोमीटरभराचा रस्ता, त्यावर कामाला निघालेल्या मोटारसायकलींची झुंबड आणि कडेने पाण्याचे जाडजूड पाइप!

१९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलू शकतं. भाव? हजार गॅलनला ३ सेन. (१०० सेन म्हणजे एक रिंगिट.) त्यातलंच थोडं शुद्ध करून सिंगापूर जोहोर राज्याला ५० सेनने परत विकतं. मलेशियाला हा भाव वर्षानुवर्षं सलतोय. सिंगापूरचं म्हणणं, शुद्धीकरणाचा खर्चच ५० सेनहून जास्त आहे. शिवाय १९८७ मध्ये दर बदलायची संधी होती, ती तुम्हीच सोडलीत. मला दोन्ही बाजू पटतात. पण १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळं होतानाच सिंगापूरने या कराराची हमी लिहून घेतली, ही दूरदृष्टी खरंच थक्क करते.

करार २०६१ मध्ये संपतो. सिंगापूर आत्तापासूनच सांडपाणी शुद्ध करून ‘न्यूवॉटर’ बनवतंय, समुद्राचं पाणीही गोडं करतंय.