पाळण्यातले मूल कोणाचे?

जामखेडच्या बाजूला बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या रात्री होणारी मांडामांड महाराष्ट्रभर ओळखीची आहे. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर विझू देत नाहीत. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. बाळंतिणीच्या उशाशी विळा, कोयता किंवा अडकित्ता असतो. लोखंड जवळ असले की वाईट काही फिरकत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये गेलो असतो, तर तिथेही पाळण्यावर आडवा ठेवलेला लोखंडी चिमटा किंवा उघडून टांगलेली कात्री दिसली असती. आपल्याकडे जपणूक बारशापर्यंत, तिथे बाप्तिस्म्यापर्यंत. नाव नसलेले मूल दोन्हीकडे धोक्यातले.

पण तिथली भीती वेगळी होती. डोंगराच्या पोटात, जुन्या गढ्यांच्या मातीखाली राहणारे अदृश्य लोक गुटगुटीत मूल उचलून नेतात आणि त्याच्या जागी आपले एखादे म्हातारे, किरकिरे, कधीच पोट न भरणारे पोर ठेवून जातात, असे लोक मानत. या ठेवलेल्या पोराला इंग्रजीत चेंजलिंग म्हणतात. जर्मनीत, स्वीडनमध्ये, वेल्समध्येही त्याला वेगवेगळी नावे आहेत. त्याची लक्षणे ठरलेली होती: भरपूर खाऊनही अंग धरत नाही, हातपाय काड्यांसारखे, डोके मोठे, चेहरा सुरकुतलेला, चालत नाही, बोलत नाही, रात्रंदिवस रडते.

ते ओळखायची युक्ती मोठी गमतीची होती. ग्रिम बंधूंनी 1812च्या संग्रहात ती नोंदवली आहे. आईने अंड्याच्या दोन टरफलांत पाणी घालून चुलीवर उकळायला ठेवायचे. असला वेडगळ स्वयंपाक पाहून न बोलणारे ते पोर आपले खरे वय लपवायचे विसरून बोलते: मी जंगलाइतका जुना आहे, पण टरफलात रांधताना कोणाला पाहिले नाही! ते हसले की संपले. अदृश्य लोक येतात आणि खरे मूल परत ठेवून जातात.

गोष्टीत हसू होते, घराघरांत नव्हते. आपले मूल परत मिळवायचे, तर त्या परक्या पोराला इतके छळायचे की त्याचे आईबाप कळवळून येतील, असा समज होता. म्हणून अशा मुलांना तापल्या फावड्यावर धरल्याच्या, उकिरड्यावर रात्रभर ठेवल्याच्या, नदीत बुडवल्याच्या नोंदी आहेत. 1826 साली आयर्लंडच्या केरी परगण्यात चालता-बोलता न येणारे एक मूल फ्लेस्क नदीत बुडून मेले. बुडवणाऱ्या बाईने त्याच्यातला परका घालवण्यासाठी हे केल्याचे सांगितले, आणि पंचांनी तिला निर्दोष सोडले. 1895च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या शिवणकाम करणाऱ्या तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळले. ती आजारी होती. त्याच्या मते ती त्याची बायकोच नव्हती. नंतर तो जुन्या गढीपाशी वाट पाहत थांबला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून येईल. त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली, त्यातली 15 वर्षे त्याने भोगली.

या साऱ्यात मला सर्वांत थक्क करणारी हकिकत फ्रान्सची वाटते, कारण तिचे एक टोक आपल्या घरात आहे. तेराव्या शतकात ल्योंजवळ एतिएन द बूर्बों नावाच्या धर्मोपदेशकाला कळले की बायका आजारी मुले घेऊन एका राईत जातात आणि संत गीनफोर्चा धावा करतात. चौकशी केली तर हा संत कुत्रा निघाला! त्याने पाळण्याजवळ आलेला साप मारला होता. रक्ताने माखलेले तोंड पाहून धन्याला वाटले की यानेच मूल खाल्ले, आणि त्याने कुत्र्याला ठार केले. हीच गोष्ट आपण पंचतंत्रात ब्राह्मण आणि मुंगूस म्हणून वाचलेली. पंचतंत्राची कथा अरबी आणि हिब्रू भाषांतरांमधून युरोपभर फिरली होती. त्या राईत बायका मुलाला झाडाखाली ठेवून, मेणबत्त्या लावून दूर जात आणि रानातल्या शक्तींना विनवत, की तुमचे आजारी पोर घ्या, आमचे धडधाकट परत द्या. मग मुलाला नदीत नऊ वेळा बुडवत. एतिएनने कुत्र्याची हाडे उकरून जाळली, राई तोडली. तरी त्या जागेचा नवस एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता.

आज ही लक्षणे वाचताना डॉक्टरांना आजार दिसतात: जन्मजात थायरॉइडची कमतरता, मेंदूचा पक्षाघात, डाउन सिंड्रोम, चयापचयातले दोष. आणि कुपोषण. आईचे दूध तुटल्यावर नुसत्या पेजेवर राहिलेले मूल महिन्या-दोन महिन्यांत खरोखर बदलते. पाय सुजतात, केस तांबूस पडतात, चेहरा फुगतो, ते हसेनासे होते. डॉ. सिसली विल्यम्स यांनी 1930च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये या आजाराचे वर्णन केले. कालपर्यंत खेळणारे पोर असे झाले, तर हे माझे नव्हेच, असे आईला वाटणे मला अजिबात परके वाटत नाही.

मराठी मुलखात याच दुःखाने दुसरी वाट धरली. इथे मूल बदलले असे म्हणत नाहीत. मुलाला काहीतरी लागले म्हणतात. नजर लागते, साती आसरा लागतात, बाळंतपणात गेलेली अळवंतीण मागे लागते. मूल आपलेच असते, फक्त कोणीतरी त्याच्यावर हक्क सांगत असते. त्यामुळे अदलाबदलीचे सोंग आपण स्वतः करत आलो. ज्या घरात मुले जगत नव्हती, तिथे नव्या बाळाला उकिरड्यावर टाकत आणि शेजारीण ते उचलून आणे. किंवा मूठभर कोंडा घेऊन मूल दुसरीला विकत आणि मग परत घेत. कोंडाबाई, दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे तिथली. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवत, तो नथू. नेणाऱ्याला वाटावे, हे तर कचऱ्यातले, हे कोणालाच नको आहे. नको असल्याचे इतके मायेने रचलेले नाटक दुसरे नसेल. मुंबई इलाख्यातल्या अशा चालीरीतींची टिपणे ए. एम. टी. जॅक्सन याने जमवली होती. हाच तो नाशिकचा कलेक्टर, ज्याला 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. टिपणे नंतर एंथोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने छापली.

आणि पाळण्यांची सर्वांत मोठी अदलाबदल तर आपण दर गोकुळाष्टमीला साजरी करतो. देवकीचा मुलगा यशोदेकडे, यशोदेची मुलगी कंसाच्या हाती. पुढे गोकुळात येणारी पूतना ही वैद्यकातही आहे: सुश्रुताने मुलांना पीडणारे जे नऊ बालग्रह सांगितले, त्यांत तिचे नाव आहे. काश्यपसंहितेत तर नवजात मुले हिरावणाऱ्या जातहारिणीचे सविस्तर वर्णन आहे. त्याच ग्रंथात वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलाच्या फक्करोगाची कारणे दिली आहेत: आईचे बिघडलेले दूध, लागोपाठची गर्भधारणा, आजार. उपाय म्हणून औषधे आहेत आणि चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा लाकडी गाडा, फक्करथ. एकाच पोथीत हिरावून नेणारी देवता आणि चालायला शिकवणारा गाडा!

आपल्याकडे क्रौर्य नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. आजारी तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्याने डाग देण्याची प्रथा मेळघाटासारख्या भागात अलीकडेही आढळली आहे. अंगातले भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला.

कथाकारांनी हा विषय कधी सोडला नाही. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराजा आणि परीराणी ज्या चेंजलिंग मुलावरून भांडतात, ते मूल भारतातले आहे. इंग्रजी साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध पळवलेले पोर आपल्याकडून गेले! मॉरिस सेंडाकच्या 1981च्या चित्रपुस्तकात बाळाच्या जागी बर्फाचे बाळ येते. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती नोबेल विजेत्या सेल्मा लागरलॉफ यांची 1915ची स्वीडिश कथा. तिच्यातली आई गावाचे आणि नवऱ्याचे न ऐकता परक्या, कुरूप ट्रोलच्या पोराला मारू देत नाही, आगीतून वाचवते. शेवटी तिचा मुलगा घरी येतो तेव्हा कळते, की इथे त्या पोराशी जसे वागले जाई, तसेच पलीकडे ट्रोलची बाई तिच्या मुलाशी वागत होती.

आता पुन्हा पाचव्या रात्रीकडे. नाळ अस्वच्छ विळ्याने कापली, की धनुर्वाताचे जंतू आत जातात, आणि नवजाताचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास उघड होतो. बाळाला दूध ओढता येत नाही, जबडा आवळतो, अंग ताठते. पाचवीच्या जागरणामागे पिढ्यांचा हा अनुभव असावा, असे मला मनापासून वाटते. उशाशी राखणीला ठेवलेला विळा आणि नाळ कापणारा विळा कित्येक घरांत एकच असणार.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले, तेव्हा इथल्या गावांत हजारातली सुमारे 176 बालके वर्ष पुरे होण्याआधी जात होती. पाठोपाठ 1972चा दुष्काळ आला. आरोळ्यांनी आपल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावोगावच्या बायकांना शिकवले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. स्वच्छ पात्याने नाळ कापणे, गरोदर बाईला धनुर्वाताची लस, जन्मताच आईचे पहिले दूध, सहाव्या महिन्यापासून मऊ वरणभात, दर महिन्याला वजन. सुकणारे मूल वजनाच्या नोंदीत आधीच सापडू लागले. सटवाईची पूजा बंद करा, असे सांगून हे घडले नाही. शेजारणीचे मूल त्याच घरात, त्याच भाकरीत सावरताना दिसले, म्हणून लोकांना पटले. नव्वदच्या दशकात बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली आला. दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले. काम मात्र सुरू आहे, आणि देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला येऊन या गावच्या बायकांकडून शिकून जातात.