अर्ज हीच पहिली परीक्षा
लेखमाला : प्रकल्प आणि प्रमाणपत्र | लेखांक ४

मागच्या तीन लेखांत प्रकल्प कशाला म्हणायचं, तो कोणत्या टप्प्यांतून जातो आणि या क्षेत्रात कोणकोणती प्रमाणपत्रं आहेत, हे आपण पाहिलं. आता त्यातल्या सगळ्यात जास्त मागणी असलेल्या पीएमपीकडे, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’कडे वळू. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, हे प्रमाणपत्र देते. त्याची पहिली परीक्षा १९८४ मध्ये झाली. आज पुण्याच्या आयटी कंपन्यांपासून आखाती देशांतल्या बांधकाम कंपन्यांपर्यंत नोकरीच्या जाहिरातींत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ हे वाक्य सर्रास दिसतं.

पीएमपी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी क्लास लावतात, मग जाडजूड पुस्तक घेतात आणि अर्ज शेवटी उरकतात. माझा सल्ला उलटा आहे. पुस्तक उघडण्याआधी अर्ज लिहायला बसा. आपण इतकी वर्षं नेमकं काय केलं, हे त्या अर्जात लिहून दाखवावं लागतं. ज्याला ते नीट लिहिता आलं, त्याची निम्मी तयारी तिथेच होते.

पात्रता : महिने मोजताना

चार वर्षांची पदवी असेल, म्हणजे आपल्याकडची बीई किंवा बीटेक, तर अलीकडच्या वर्षांत ३६ महिने प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा अनुभव लागतो. शिक्षण बारावी किंवा पदविकेपर्यंत असेल, तर ६० महिने लागतात. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून साइटवर घडलेल्या डिप्लोमा इंजिनिअरनाही ही वाट मोकळी आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. ते ऑनलाइन घेतलं तरी चालतं, फक्त पूर्ण केल्याचा दाखला जपून ठेवायचा.

इथे दोन गोष्टींत घोटाळा होतो. पहिली, एकाच काळात दोन प्रकल्प चालू असतील तर तो महिना एकदाच धरला जातो. दुसरी, तुमच्या हुद्द्यात ‘मॅनेजर’ हा शब्द असायलाच हवा असं नाही. तुम्ही काम आखलं का, माणसं आणि कंत्राटदार यांना दिशा दिली का, अडचणीच्या वेळी निर्णय घेतले का, एवढंच पाहिलं जातं. अनुभव कमी पडत असेल तर याच संस्थेची ‘सीएपीएम’ ही प्राथमिक परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही.

रोजचं काम आणि प्रकल्प

आता उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर आहात. हंगामात ऊस गाळणं हे प्रकल्पात बसत नाही, ते कारखान्याचं रोजचं काम. हंगाम संपल्यावर मिलचे रोलर काढून त्यांची डागडुजी करणंही दरवर्षीचंच. पण एका बिगर-हंगामात कारखान्याने गाळप क्षमता रोज २५०० टनांवरून ३५०० टनांवर नेली असेल, तर तो प्रकल्प. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि तो संपल्यावर आधी नव्हतं असं काहीतरी उभं राहिलेलं आहे. त्याची मुदतही पक्की. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली की कुणी ‘अजून आठ दिवस द्या’ म्हणू शकत नाही. तोडलेला ऊस थांबत नाही.

असा अनुभव अर्जात कसा उतरतो ते पाहा. बहुतेकांचा पहिला मसुदा साधारण असा असतो :

‘मी कारखान्यात १२ वर्षे वरिष्ठ अभियंता म्हणून कार्यरत आहे. मिल, बॉयलर व टर्बाइनची देखभाल, कामगारांवर देखरेख आणि बिघाड कमीत कमी ठेवणे ही माझी जबाबदारी आहे. विस्तारीकरणाच्या कामातही माझा सक्रिय सहभाग होता.’

यातली पहिली दोन वाक्यं रोजच्या कामाची आहेत. प्रकल्प आला तो तिसऱ्या वाक्यात, आणि तोही ‘सक्रिय सहभाग’ या बायोडेटातल्या गुळगुळीत शब्दांत विरघळून गेला. आता हेच दुसऱ्या तऱ्हेने :

‘गाळप क्षमता रोज २५०० टनांवरून ३५०० टनांवर नेणे हे उद्दिष्ट. मुदत सहा महिने, खर्चाची मर्यादा १२ कोटी रुपये, चार कंत्राटदार. कामाची व्याप्ती संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतली. कामांची विभागणी आणि वेळापत्रक मी तयार केले. नवी मिल उशिरा पोहोचण्याची जोखीम आधीच नोंदवली आणि ती येईपर्यंत जुनी मिल न खोलण्याचा निर्णय घेतला. दर सोमवारी कंत्राटदारांची आढावा बैठक घेतली. चाचणी घेऊन हंगामाच्या आठ दिवस आधी यंत्रणा उत्पादन विभागाकडे सोपवली.’

माणूस तोच आणि कामही तेच. पण दुसऱ्या मसुद्यात उद्दिष्ट दिसतं, मर्यादा दिसतात, त्याने स्वतः घेतलेला निर्णय दिसतो आणि काम कुठे संपलं तेही कळतं. हे टाचण आणखी भरून काढलं की अर्जाला जमतं. प्रत्येक प्रकल्पाबद्दल साधारण २०० ते ५०० शब्दांत लिहायचं असतं. लिहिताना ‘आम्ही’ किती वेळा येतं आणि ‘मी’ किती वेळा, यावर लक्ष ठेवा. आपल्याकडे नम्रतेपोटी सगळं श्रेय ‘आम्ही’च्या खात्यात टाकायची सवय आहे. एरवी ती शोभते, या अर्जात ती नडते.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. त्यात तुमचा अर्ज आला, तर पदवी आणि प्रशिक्षणाचे दाखले पाठवावे लागतात आणि त्या त्या प्रकल्पाची माहिती असलेल्या वरिष्ठाकडून तुमचा अनुभव प्रमाणित करून घ्यावा लागतो. जुने साहेब निवृत्त झालेले असतात, कुणी परदेशी गेलेलं असतं. म्हणून अर्ज पाठवण्याआधीच त्यांना फोन करून कल्पना देऊन ठेवा. ऐन वेळी धावपळ नको.

परीक्षा : पाठांतराला वाव कमी

जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटं असा हिशेब आहे. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. ६० प्रश्नांनंतर आणि १२० प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची सुटी असते, पण एकदा सुटी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. १८० पैकी पाच प्रश्नांचे गुण धरत नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून घातलेले असतात. ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे सगळेच मनापासून सोडवायचे. या आराखड्यात माणसं हाताळण्यावर ४२ टक्के, कामाच्या प्रक्रियांवर ५० टक्के आणि व्यवसायाच्या भवतालावर ८ टक्के भर आहे. आराखडा काही वर्षांनी बदलतो. म्हणून मित्राने दिलेल्या जुन्या नोट्सवर न विसंबता, आपल्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेला आराखडा पीएमआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

प्रश्न बहुतेक प्रसंगांवर आधारलेले असतात. आपल्या कारखान्यातलाच एक प्रसंग घेऊन नमुना पाहू.

विस्तारीकरणाचं काम अर्ध्यावर आलं आहे. एके सकाळी एक संचालक साइटवर येतात आणि थेट फिटरला सांगतात, ‘हा कन्व्हेयर चार फूट अलीकडं घ्या, म्हंजी ट्रॅक्टर वळायला जागा राहील.’ फिटर म्हणतो, ‘व्हय अण्णा,’ आणि गॅस कटर पेटवतो. दहा मिनिटांनी तुमच्या कानावर हे येतं. तुम्ही आधी काय कराल?

अ) कार्यकारी संचालकांना फोन करून तक्रार कराल.
ब) अण्णांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून काम होऊ द्याल आणि कागदपत्रं नंतर कराल.
क) फिटरला थोडं थांबायला सांगून, या बदलाचा वेळ, खर्च आणि सुरक्षिततेवर काय परिणाम होईल ते तपासाल आणि बदलाची विनंती मंजुरीसाठी नोंदवाल.
ड) नकाशा मंजूर आहे असं सांगून बदल जागच्या जागी फेटाळाल.

साइटवर वर्षं काढलेला माणूस ‘ब’कडे झुकतो, कारण प्रत्यक्षात तसंच घडतं. नियमावर बोट ठेवणारा ‘ड’ निवडतो. परीक्षेचं उत्तर ‘क’. सूचना करणारा कितीही मोठा असो, बदलाचे परिणाम कळल्याशिवाय तो स्वीकारायचा नाही आणि फेटाळायचाही नाही. ट्रॅक्टर वळायला खरोखर जागा नसेल, तर अण्णांनी कारखान्याचे पैसे वाचवले आहेत, हेही विसरू नका. वरिष्ठांकडे जायचा मार्ग बंद नाही, पण आपल्या अधिकारात जे करता येतं ते आधी करायचं.

हाच प्रसंग सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात, अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करणाऱ्या टीममध्ये घडला, तर उत्तराचा साचा बदलतो. तिथे नवी मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते, तो तिची निकड ठरवून यादीत जागा देतो आणि पुढच्या फेरीत तिचा विचार होतो. २०२१ च्या आराखड्यात सुमारे निम्मे प्रश्न अजाइल किंवा मिश्र पद्धतीचे असतात. म्हणून प्रश्न वाचताना आधी हे ओळखायचं की काम कोणत्या पद्धतीने चाललं आहे. बांधकाम आणि कारखानदारीतून आलेल्यांचे गुण इथेच जातात. आयटीतल्यांचं उलट होतं. त्यांना खरेदी, करार आणि कंत्राटं जड जातात.

एक गणित, जे समजलंच पाहिजे

परीक्षेत आकडेमोड फारशी नसते, पण ‘अर्न्ड व्हॅल्यू’ची कल्पना पक्की हवी. आपला १२ कोटींचा, मे ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा प्रकल्प घ्या. आखणीनुसार जुलैअखेर सहा कोटींचं काम व्हायला हवं होतं. हिशेब विभाग सांगतो, सहा कोटी खर्च झाले. संचालक मंडळाच्या बैठकीत सगळे खूश : खर्च अगदी ठरल्याप्रमाणे!

आता साइटवर जाऊन मोजा. प्रत्यक्षात उभं राहिलेलं काम बजेटच्या दराने ४.८ कोटींचंच भरतं. म्हणजे खर्च केलेल्या दर रुपयामागे ८० पैशांचं काम मिळालं. ४.८ भागिले ६ म्हणजे ०.८, हा खर्चाचा निर्देशांक. वेळेचा निर्देशांकही तितकाच, कारण सहा कोटींचं काम ठरलेलं असताना ४.८ कोटींचंच झालं. हाच दर पुढे राहिला तर १२ भागिले ०.८, म्हणजे एकूण खर्च १५ कोटींवर जातो. आणि काम हंगामाच्या आधी पुरं होत नाही.

खर्च आणि बजेट एवढे दोनच आकडे शेजारी ठेवले, तर हे दिसत नाही. प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत, म्हणजेच ‘अर्न्ड व्हॅल्यू’, हा तिसरा आकडा लागतो. तो जुलैअखेर हातात आला तर अजून तीन महिने असतात. दुसरी पाळी लावता येते, एखादं काम पुढच्या बिगर-हंगामावर टाकता येतं, नाहीतर मंडळाला वेळेत जास्तीचे पैसे मागता येतात. ऑक्टोबरात कळलं, तर फक्त खुलासे देता येतात.

निकाल आणि त्यानंतर

उत्तीर्ण व्हायला किती टक्के लागतात, हे पीएमआय जाहीर करत नाही. निकालात प्रत्येक विभागाला अपेक्षेहून वर, अपेक्षेइतकं, अपेक्षेहून खाली किंवा सुधारणेची गरज असा शेरा मिळतो. अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षात तीनदा परीक्षा देता येते. पहिल्यांदा नाही जमलं, तर हे शेरे पाहूनच पुढचा अभ्यास आखायचा. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं आणि ते चालू ठेवायला त्या काळात ६० पीडीयू, म्हणजे व्यावसायिक विकासाचे गुण, मिळवावे लागतात. त्यातले किमान ३५ शिकण्यातून यायला हवेत. उरलेले शिकवून, लिहून किंवा या क्षेत्रात स्वयंसेवी काम करूनही मिळतात. पुणे आणि मुंबईत पीएमआयचे चॅप्टर आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना गेलं की गुण मिळतात आणि ओळखीही वाढतात.

पीएमपीमुळे अण्णा साइटवर यायचे थांबणार नाहीत, कंत्राटदारही वेळेवर माणसं पाठवतीलच असं नाही. अण्णा येऊन गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे मात्र तुमच्या डोक्यात तयार असेल. त्यासाठीच हा खटाटोप.

या आठवड्याचं काम : तुम्ही पूर्ण केलेला एक प्रकल्प निवडा आणि ३०० शब्दांत लिहा. उद्दिष्ट, मुदत, पैसा, तुम्ही स्वतः घेतलेले किमान दोन निर्णय आणि काम कुणाकडे सोपवलं, हे त्यात यायला हवं. मग आपल्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ते वाचायला द्या. प्रकल्प कधी संपला आणि त्यात तुम्ही नेमकं काय केलं, हे त्याला सांगता आलं नाही, तर पुन्हा लिहा.

पुढील लेखांकात : कोणतं काम एक दिवस उशिरा झालं तर सगळा प्रकल्प एक दिवस पुढे जातो? क्रिटिकल पाथ, कागद-पेन्सिलने.